कोंबडीच्या गाठीपासून गोळीपर्यंत

डिसेंबर १९६६ मध्ये पेटन राउस स्टॉकहोमला नोबेल व्याख्यान द्यायला उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय सत्त्याऐंशी होते. ज्या कामासाठी हा सन्मान मिळत होता ते त्यांनी १९११ साली छापले होते. मधे पंचावन्न वर्षे उलटली होती. त्यांचे जावई, शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅलन हॉजकिन, १९६३ सालीच नोबेल घेऊन मोकळे झाले होते. सासऱ्यांचा क्रमांक जावयामागून लागला.

पण त्या व्याख्यानातली खरी गंमत वेगळीच होती. पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बिघाड झाल्यामुळे कॅन्सर होतो, या कल्पनेची राउस यांनी तिथे चांगलीच हजेरी घेतली. पुढच्या सोळा वर्षांत नेमकी तीच कल्पना खरी ठरली, आणि तिच्या सिद्धतेची वाट निघाली ती राउस यांच्याच विषाणूपासून.

राउस यांची कथा १९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. छातीवर मोठी गाठ आलेली प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी त्यांच्याकडे आणली गेली. तिशीतल्या या डॉक्टरने गाठ काढली, तिचे तुकडे त्याच वंशातल्या दुसऱ्या कोंबड्यांच्या अंगात बसवले आणि तिथेही गाठी वाढल्या. इथपर्यंत फारसे नवल नव्हते, कारण तुकड्याबरोबर रोगट पेशीही जात होत्याच. मग राउस यांनी गाठ वाटली आणि तिचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात पेशी किंवा जिवाणू उरणे शक्य नव्हते. तो गाळलेला द्रव टोचल्यावरही कोंबडीला सार्कोमा हा कॅन्सर झाला. गाळणीतून पार जाणारे काहीतरी, म्हणजे विषाणू, कॅन्सर घडवत होते.

हे कोणी फारसे मनावर घेतले नाही, आणि त्यामागची कारणे अगदीच पोरकट नव्हती. कॅन्सर हा लागण होणारा रोग नाही, हे रुग्णांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांकडे पाहूनही कळत होते. कोंबडीचे माणसाला लागू पडेलच कशावरून, हाही प्रश्न होता. खुद्द राउस यांनी उंदरांच्या गाठींवर तोच प्रयोग करून पाहिला, पण गाळलेल्या द्रवातून काही हाती लागले नाही. १९१५ च्या सुमारास त्यांनी हा नाद सोडला आणि ते रक्ताकडे वळले. सायट्रेट आणि साखरेच्या द्रावणात रक्त टिकवण्याची त्यांची रीत पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या कामी आली. कोंबडीचा विषाणू मात्र प्रयोगशाळांच्या शीतपेटीत पडून राहिला.

त्याच सुमारास जर्मनीत थिओडोर बोव्हेरी उलट्या दिशेने विचार करत होते. समुद्री अर्चिनच्या अंड्यांतली गुणसूत्रे चुकीच्या संख्येने वाटली गेली की पेशींची वाढ बिघडते, हे त्यांनी पाहिले होते. गाठींवर त्यांनी स्वतः काम केले नव्हते. तरीही १९१४ च्या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवले की घातक गाठीचे मूळ एखाद्या पेशीच्या बिघडलेल्या गुणसूत्रांत असावे. पुढच्याच वर्षी ते वारले. अशा रीतीने कॅन्सरकडे पाहणाऱ्या दोन वाटा पडल्या: एक बाहेरून आलेल्या विषाणूची, दुसरी पेशीच्या आतल्या बिघाडाची. त्या एकमेकींना मिळायला साठ वर्षे लागली.

राउस यांचा विषाणू पुन्हा बाहेर निघाला तो कॅलिफोर्नियात, १९५०च्या दशकात. हॅरी रुबिन आणि त्यांचा तरुण सहकारी हॉवर्ड टेमिन यांनी १९५८ साली काचेच्या बशीत वाढवलेल्या कोंबडीच्या पेशींवर तो विषाणू सोडला. विषाणू पेशीत शिरला की तिथे बेशिस्त पेशींचा छोटा पुंजका दिसू लागे, आणि तो मोजता येई. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण ज्यासाठी आजवर कोंबड्यांचा अख्खा खुराडा लागायचा ते काम आता आठवड्याभरात टेबलावर होऊ लागले. शिवाय त्या पुंजक्यांनी आणखी एक गोष्ट उघड केली: एकदा बिघडलेली पेशी विभागली की तिच्या लेकीही बिघडलेल्याच जन्मतात. याचा अर्थ विषाणूचा संदेश पेशीच्या वंशपरंपरेत कायमचा नोंदला जात होता.

इथे अडचण होती. राउस यांच्या विषाणूची जनुके आरएनएची, तर पेशीचा वारसा डीएनएचा. विषाणू आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो, असे टेमिन १९६४ पासून विस्कॉन्सिनमधून सांगू लागले. माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते, उलट नाही, असे त्या काळी सगळे मानत असल्यामुळे त्यांना हसणारेच अधिक भेटले. १९७० मध्ये टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांना, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे एमआयटीतल्या डेव्हिड बाल्टिमोर यांना, हे उलटे काम करणारे विकर विषाणूतच सापडले. दोन्ही शोधनिबंध ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. हसणे थांबले. पाच वर्षांनी टेमिन आणि बाल्टिमोर यांना, रेनाटो डल्बेको यांच्यासह, नोबेल मिळाले.

१९७० हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे. बर्कलीत स्टीव्ह मार्टिन यांना राउस विषाणूचा एक विचित्र वाण मिळाला. तापमान वाढवले की तो पेशीत निवांत वाढायचा, पण पेशीला कॅन्सरकडे ढकलत नसे. तापमान उतरवले की पेशी पुन्हा बिघडायच्या. पीटर फोग्ट यांच्याकडे तर असे वाण होते, ज्यांचा एक तुकडाच गळून पडला होता. तेही मजेत वाढत, पण गाठ करू शकत नसत. म्हणजे कॅन्सर घडवणारे एकच जनुक होते आणि विषाणूला स्वतःच्या पोटापाण्यासाठी त्याची काडीचीही गरज नव्हती. सार्कोमावरून त्या जनुकाला ‘सार्क’ नाव पडले.

ज्याची गरज नाही ते ओझे विषाणू का वाहतो? पुढचे सगळे नाट्य या प्रश्नातून घडले.

त्या वेळी अमेरिकेत विषाणूंची चलती होती. रॉबर्ट ह्यूब्नर आणि जॉर्ज टोडारो यांनी १९६९ साली मांडले होते की पुरातन काळी घुसलेल्या विषाणूंची जनुके सर्व प्राण्यांच्या पेशींत झोपून असतात, आणि रसायन किंवा किरणोत्सर्गाने जागी झाली की कॅन्सर होतो. ‘ऑन्कोजीन’ हा शब्द त्यांचाच. डिसेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कॅन्सरविरोधी कायद्यावर सही केली आणि संशोधनाकडे पैशाचा ओघ सुरू झाला. माणसाचा कॅन्सर विषाणू पकडायला प्रयोगशाळांत धावपळ उडाली.

सान फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस या जोडीने ह्यूब्नर-टोडारोंचा अंदाज पडताळायचे ठरवले. व्हार्मस मूळचे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी. त्या विषयात एम.ए. करून मग वैद्यकाकडे वळलेले. त्यांच्याकडे फ्रान्सहून डोमिनिक स्टेहलँ हा तरुण आला होता आणि प्रयोगाचे हातावरचे काम बहुतांशी त्याचे होते. विषाणूचे तुटके वाण पीटर फोग्ट यांनी पुरवले.

प्रयोगाची आखणी पाहण्यासारखी आहे. पूर्ण राउस विषाणूच्या आरएनएवरून किरणोत्सर्गी डीएनएचे तुकडे बनवले. टेमिन-बाल्टिमोरांचे विकर त्यासाठीच वापरले. मग हे तुकडे ‘सार्क’ गळालेल्या विषाणूच्या आरएनएत मिसळले. जे तुकडे जोडी जमवून चिकटले ते दोन्ही विषाणूंत समान असलेले, म्हणून टाकून दिले. जे एकटे उरले ते फक्त ‘सार्क’चे. आता हे एकटे तुकडे घेऊन निरोगी कोंबडीच्या डीएनएत जोडीदार शोधायचा.

जोडीदार सापडला. लावी, टर्की आणि बदकाच्या डीएनएतही सापडला. कोंबडीपासून उत्क्रांतीत फार दूर गेलेल्या एमूतही सापडला. नात्याचे अंतर वाढेल तशी जोडी सैल होत होती, अगदी सजीवांच्या एखाद्या जुन्या, स्वतःच्या जनुकाच्या बाबतीत होईल तशी. हे घुसखोराचे लक्षण नव्हते. मार्च १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये हा निबंध आला. दोन वर्षांत त्याच प्रयोगशाळेतल्या डेबोरा स्पेक्टर यांनी सस्तन प्राण्यांत, माणसातही, ‘सार्क’ची नातलग जनुके दाखवली.

ह्यूब्नर-टोडारोंचे चित्र त्यामुळे उलटे झाले. विषाणूने आपले जनुक प्राण्यात सोडलेले नव्हते. कोणे एके काळी प्राण्याच्या पेशीतले एक सरळमार्गी जनुक त्याने आपल्यात ओढून घेतले होते, आणि त्या ओढाताणीत ते बिघडले होते. विषाणूच्या शोधासाठी उभारलेल्या मोहिमेतून निघाले ते पेशीचे स्वतःचे सामान. सरकारी पैसा चुकीच्या दिशेने गेला अशी टीका पुढे पुष्कळ झाली. पण ती दिशा धरली नसती तर हे जनुक इतक्या लवकर हाती लागले असते का, याची शंकाच आहे.

पुढचा प्रश्न होता की हे जनुक करते काय. जोन ब्रूगी आणि रे एरिक्सन यांनी १९७७ मध्ये ‘सार्क’चे प्रथिन पकडले, वर्षभरात कळले की ते दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवते. पेशीतले निरोप अशाच फॉस्फेटच्या खुणांनी पुढे जातात. सान दिएगोजवळच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर १९७९ साली दुसऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाबाबत कोणत्या अमिनो आम्लावर ही खूण बसते ते तपासत होते. ताजे द्रावण करण्याचा आळस म्हणून त्यांनी जुनेच वापरले. त्याची आम्लता थोडी वाढलेली होती, आणि त्यामुळेच पट्टीवर एकमेकांत मिसळणारे दोन ठिपके वेगळे दिसले. फॉस्फेट टायरोसिनवर बसत होता, जे तोवर कोणालाच माहीत नव्हते. ‘सार्क’ही तेच करते हे लगेच पुढे आले. निरोगी ‘सार्क’ प्रथिनाला शेपटाकडे एक जागा असते, जिच्यामुळे ते मिटून गप्प राहते आणि निरोप आला तरच जागे होते. विषाणूतल्या ‘सार्क’चे ते शेपूट तुटलेले. म्हणून ते अखंड जागेच.

पण माणसांच्या बहुतेक कॅन्सरांत असा विषाणू कुठेच नसतो. मग?

एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांनी सरळ मार्ग धरला. त्यांच्याकडच्या चियाहो शी या विद्यार्थ्याने रसायनाने बिघडवलेल्या उंदराच्या पेशींतून डीएनए काढला आणि निरोगी पेशींवर टाकला. १९७९ मध्ये त्या निरोगी पेशींनी बशीत पुंजके केले. यात विषाणूचा संबंधच नव्हता, कॅन्सर नुसत्या डीएनएमधून पोचवता येत होता. मग माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरचा डीएनए वापरून तीन गट शर्यतीत उतरले: वाइनबर्ग, कोल्ड स्प्रिंग हार्बरचे मायकेल विगलर आणि बेथेस्डाचे मारियानो बार्बासिद. १९८२ मध्ये तिघांच्याही हाती एकच जनुक लागले, आणि ते उंदरांत सार्कोमा करणाऱ्या एका विषाणूतून आधीच ओळखीचे होते: रास.

आता निरोगी आणि रोगट ‘रास’ शेजारी ठेवून फरक शोधायचा होता. बार्बासिद यांच्या गटात प्रेमकुमार रेड्डी हे भारतीय संशोधक या कामात आघाडीवर होते. हजारो अक्षरांच्या त्या जनुकात फरक निघाला तो एका अक्षराचा. ‘जीजीसी’च्या जागी ‘जीटीसी’. त्यामुळे प्रथिनातल्या बाराव्या जागेवर ग्लायसिनऐवजी व्हॅलिन. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत, हे लक्षात घेतले की या फरकाने त्या वेळच्या संशोधकांची झोप का उडाली ते कळते.

‘रास’चे काम वाढीचा निरोप आला की चालू होणे आणि थोड्या वेळाने आपणहून बंद होणे. बाराव्या जागेवरचा बदल त्याची बंद होण्याची ताकदच काढून घेतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली तरी खालची मोटार चालूच राहावी, तशी पेशी मग कोणी न सांगता विभागत राहते.

बिघाडाच्या इतर तऱ्हाही त्याच वर्षांत उघड झाल्या. डेनिस बर्किट यांनी १९५८ साली युगांडातल्या मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या गाठींची नोंद केली होती. १९८२ मध्ये दिसले की या रोगात आठव्या गुणसूत्रावरचे ‘मिक’ जनुक तुटून बहुधा चौदाव्या गुणसूत्रावर जाते, नेमके प्रतिपिंड बनवणाऱ्या जनुकाच्या शेजारी. प्रतिपिंडांचा कारखाना रक्तपेशीत जोरात चालतो. त्याच्या शेजारी येताच ‘मिक’ही जोरात चालू लागते. इथे अक्षर बदलण्याचीसुद्धा गरज नव्हती, पत्ता बदलला तेवढे पुरे झाले. मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरात त्याच कुळातल्या एका जनुकाच्या प्रती दहापटींनी वाढलेल्या सापडल्या, आणि जिथे प्रती जास्त तिथे रोग अधिक पुढे गेलेला होता.

या टप्प्यावर एक बिघडलेले जनुक म्हणजे एक कॅन्सर असे समीकरण मांडण्याचा मोह पुष्कळांना झाला. तो टिकला नाही. वाइनबर्ग यांच्या प्रयोगातल्या उंदराच्या पेशी मुळातच थोड्या बिघडलेल्या, बशीत अमर झालेल्या होत्या. १९८३ मध्ये हार्टमुट लांड, लुइस पराडा आणि वाइनबर्ग यांनी ताज्या पेशींत नुसते ‘रास’ घातले, तर गाठ झाली नाही. नुसते ‘मिक’ घातले, तरी नाही. दोन्ही मिळून मात्र झाली. फिलिप लेडर यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या स्तनांतल्या सगळ्या पेशींत ‘मिक’ जोरात चालत होते, तरी गाठ येई ती एखाद्या ठिकाणी आणि बऱ्याच उशिरा. बाकी पेशींना अजून काहीतरी घडायची वाट पाहावी लागत होती.

ते ‘काहीतरी’ काय, याचे चित्र बाल्टिमोर शहरात बर्ट व्होगेलस्टाइन यांनी मोठ्या आतड्याच्या गाठींतून उभे केले. आतड्यात आधी छोटा मांसल कोंब येतो, तो मोठा होतो, आणि काहींचा पुढे कॅन्सर होतो. शस्त्रक्रियेत या सगळ्या पायऱ्या हाती लागतात. १९८८ साली त्यांच्या गटाने दाखवले की १ सेंटिमीटरपेक्षा लहान कोंबांपैकी ९ टक्क्यांतच ‘रास’ बिघडलेले असते, मोठ्या कोंबांत ५८ टक्के आणि कॅन्सरमध्ये ४७ टक्के. म्हणजे ‘रास’ सहसा सुरुवात करत नाही, आधीच निघालेल्या कोंबाला वाढीचा रेटा देते. कोंबाचे कॅन्सरमध्ये रूपांतर होताना वाढ रोखणारी जनुके गमावली जातात. त्यांतले मुख्य पी-५३; १९७९ मध्ये ते सापडल्यावर दहा वर्षे त्यालाच कॅन्सर वाढवणारे जनुक समजले जात होते! प्रत्येक बदलाने त्या पेशीला शेजारणींपेक्षा थोडी अधिक मोकळीक मिळते, तिचा वंश वाढतो आणि त्यातल्याच एखाद्या पेशीत पुढचा बदल घडतो. ‘रास’सारखी जनुके पेशीला नुसती विभागायला लावत नाहीत; नव्या रक्तवाहिन्या ओढून आणणारी प्रथिने सोडायला लावतात. गाठीला रसद मिळते ती त्यातून.

१९८९ चे नोबेल बिशप आणि व्हार्मस यांना मिळाले आणि फ्रान्समध्ये वादळ उठले. प्रयोग मी केला, मग माझे नाव कुठे, असा स्टेहलँ यांचा जाहीर सवाल होता. नोबेल समितीने निर्णय बदलला नाही. कल्पना ज्याची त्याचे श्रेय की हात ज्याचा त्याचे, हा तंटा प्रयोगशाळांत नवा नाही. पण १९७६ च्या निबंधावर पहिले नाव स्टेहलँ यांचेच आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

प्रयोगशाळेतले हे ज्ञान रुग्णापर्यंत पोचले ते एका जुन्या धाग्यावरून. फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना १९६० मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांत एक बुटके गुणसूत्र दिसले होते. ते बुटके का, हे शिकागोच्या जॅनेट रोली यांनी १९७३ मध्ये सांगितले. गुणसूत्रांचे फोटो त्या घरी जेवणाच्या टेबलावर कापून जुळवत बसत. आई कागदी बाहुल्या खेळते आणि त्याचा पगार घेते, अशी मुले त्यांची चेष्टा करत. त्या खेळातून दिसले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. १९८२ मध्ये कळले की त्या अदलाबदलीत ‘एबल’ हे जनुक बाविसाव्यावर येते; पुढच्या काही वर्षांत दिसले की ते तिथल्या ‘बीसीआर’ला जोडले जाते, आणि या जोडजनुकाचे प्रथिन ‘सार्क’सारखेच टायरोसिनवर फॉस्फेट चिकटवत सुटते.

रोगाच्या सुरुवातीच्या काळात तरी सारी मदार या एकाच प्रथिनावर, म्हणजे नेम धरायला सोपे लक्ष्य. एका स्विस कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी त्याच्या खाचेत नेमका बसणारा रेणू बनवला आणि ओरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी रुग्णांवर चाचणीचा आग्रह धरला. १९९८ मध्ये चाचणी सुरू झाली. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये इमॅटिनिब नावाच्या या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर ८९ टक्के रुग्ण जिवंत होते. प्रगत अवस्थेतल्या काहींना मात्र औषध लागू पडेनासे झाले. ‘एबल’मधल्या त्या खाचेतच नवा बदल झाला होता. गाठीची उत्क्रांती औषधासमोरही थांबत नाही, याचा हा स्पष्ट पुरावा होता.

हे औषध भारतात आले तेव्हा त्या स्विस कंपनीच्या, म्हणजे नोव्हार्टिसच्या, ‘ग्लिव्हेक’ या नावाच्या गोळीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने नोव्हार्टिसचे अपील नामंजूर केले. जुन्या रेणूच्या नव्या स्फटिकरूपाने उपचाराची परिणामकारकता वाढल्याचे दाखवल्याशिवाय पेटंट नाही, असा निर्णयाचा आधार होता.

‘रास’ने मात्र औषधांना दीर्घकाळ दाद दिली नाही. त्याचे प्रथिन गुळगुळीत; रेणू अडकवायला खाच मिळेना. २०१३ मध्ये केव्हन शोकात यांच्या गटाने बाराव्या जागेवर ग्लायसिनऐवजी सिस्टीन आलेल्या, ‘रास’ कुळातल्या ‘के-रास’मध्ये एक लपलेला खळगा दाखवला. मे २०२१ मध्ये सोटोरॅसिब हे फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेले पहिले ‘रास’विरोधी औषध ठरले. चाचणीत ३७ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, पण निम्म्या रुग्णांचा रोग सुमारे सात महिन्यांच्या आतच पुन्हा पुढे सरकला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये त्याच बाराव्या जागेवर सर्वाधिक आढळतो तो अ‍ॅस्पार्टेट, आणि त्याच्यावरच्या औषधांच्या चाचण्या वेगळ्या चालू आहेत.